ऑक्टोबर सुसह्य करणाऱ्या बारीकसारीक गोष्टी (फक्त मुंबई!)

हेमांगी_मुलुंड
गणपती गेले, पाऊस गेला, दिवाळीला अजून अवकाश आहे. सकाळी अंघोळ करून निघावं तर स्टेशनला पोचेपर्यंत घामाने दुसरी अंघोळ झालेली असते. आणि संध्याकाळी ऑफिसातून बाहेर पडते तो अंधार. जुलैत सव्वासातपर्यंत उजेड असायचा, ढगाळ का असेना. आता साडेसहालाच दिवे. दरवर्षी या दिवसांत मला मरगळ येते. दुखत-खुपत काही नाही, कुणाशी वाजलेलं नाही, पण कशात जीव म्हणून रमत नाही.

त्यात बहीण अमेरिकेत. फॅमिली ग्रुपवर तिचे लाल-पिवळ्या पानांचे फोटो सुरू झालेत. उत्तरादाखल मी घामेजलेल्या कुर्त्याचा फोटो टाकणार होते, आईने डोळे वटारले.

तर मंडळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुम्हाला रोजच्या धबडग्यात कशाने बरं वाटतं? अटी दोनच. शंभर रुपयांच्या आत हवं (फुकट असेल तर सोन्याहून पिवळं) आणि मुंबईत मिळायला हवं. 'लोणावळ्याला जाऊन ये' असले सल्ले नकोत. दसरा-दिवाळीही शक्यतो बाजूला ठेवा, त्यांचं कौतुक वर्षभर चालूच असतं.

पक्याभाऊ
एसी लोकल. शंभरात बसते की नाही ते तुम्ही किती लांब राहता त्यावर.

सुमा_परळ
कडक वाळलेला टॉवेल!

हसू नका. जून ते सप्टेंबर आमच्या घरात आडव्यातिडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात. पंखा पाचवर, तरी जीन्सच्या कमरेला तो कुबट वास राहतोच. आमची गॅलरी दक्षिणेला आहे. मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर, उलट जरासा उत्तरेकडेच कललेला असतो, त्यामुळे गॅलरीत उन्हाची तिरीपसुद्धा येत नाही. ऑक्टोबरात तो दक्षिणेकडे उतरतो आणि ऊन थेट कठड्यावरून आत, शेवटच्या फरशीपर्यंत. बाराला टाकलेला टॉवेल तीनला काढावा. दोरीवर जिथे घडी पडली होती तिथे कडक रेघ उमटलेली असते, आणि तोंड पुसलं की गाल खरखरतो. चार महिने मऊ-ओलसर फडक्याने तोंड पुसल्यावर ते खरखरणं काय असतं, मुंबईकरालाच कळेल.

गाद्या, उशा, कपाटातल्या रेशमी साड्या, सगळं एकदा उन्हात घालून घेते. खर्च शून्य.

कुर्ला_फास्ट
सुमाताई, +१. त्यात मिठाची बरणीही घाला. पावसाळाभर चमच्याने टोकरून काढायचं, तांदळाचे दाणे घालून बघायचं, आणि आता नुसती बरणी कलती केली की मीठ सुळकन पडतं. पहिल्या दिवशी हमखास आमटी खारट होते.

आणि न्हाणीघराचं दार. आमचं जूनमध्ये फुगतं, लाथ घातल्याशिवाय लागत नाही. दसऱ्याच्या आगेमागे एका सकाळी मुकाट लागतं. आमच्या घरी त्या दिवशी पावसाळा संपला असं धरतात, वेधशाळा काहीही म्हणो.

वाऱ्याची_दिशा
वेधशाळेवर बोट आलंच आहे तर थोडं बोलतो.

मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख पूर्वी २९ सप्टेंबर धरत, २०२० पासून ती ८ ऑक्टोबर झाली आहे. म्हणजे तुमचं दार आणि वेधशाळा यांच्यात फारसे मतभेद नाहीत. उकाड्याचं कारण असं: ढग हटले, ऊन थेट पडतंय, पण जमीन अजून ओली आणि हवेत बाष्प भरपूर. त्यात वारा जमिनीकडून, पूर्वेकडून वाहायला लागतो आणि समुद्रावरच्या वाऱ्याला आत येऊ देत नाही. ज्या दिवशी समुद्राचा वारा अकरा-बारालाच सुरू होतो तो दिवस सुसह्य. ज्या दिवशी त्याला दोन-अडीच वाजतात त्या दिवशी पारा ३५-३६ च्या पुढे जातो.

माझं सुख यातलंच. दुपारी जेवण झालं की ऑफिसच्या गच्चीवर जाऊन उभा राहतो आणि वाऱ्याने बाजू बदलायची वाट बघतो. आधी पश्चिमेकडच्या इमारतींवरच्या ताडपत्र्या हलतात, मग समोरच्या बिल्डिंगमधल्या वाळत घातलेल्या साड्या, मग आपली कॉलर. पाच मिनिटांत घाम सुकायला लागतो. फुकट, आणि बॉसही तिथे येत नाही.

पक्याभाऊ
बॉस वाचत असेल तर उद्यापासून येईल.

टोरांटोकर
हेमांगी, तुमच्या बहिणीच्या वतीने सांगतो. ती पानं दोन आठवडे दिसतात. मग गळतात आणि कुणीतरी ती झाडून पिशव्यांत भरायची असतात. ते कुणीतरी म्हणजे मी. गेल्या शनिवारी लाल पानं गोळा करताना मला भर दुपारी ठाण्याच्या फलाट दोनवर निथळत उभं राहावंसं वाटत होतं. तुमच्या कुर्त्याचा फोटो मला पाठवा.

निशिगंधा
सातवीण, म्हणजे सप्तपर्णी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आहे, ऑक्टोबरात पांढऱ्या-हिरव्या गुच्छांनी भरते. दिवसा काही कळत नाही. रात्री आठनंतर रिक्षा वळली की वास येतो आणि कळतं, आलं घर. रिक्षावाले दादाही एकदा म्हणाले, "ताई, तुमच्या गल्लीत हल्ली अत्तराचं दुकान निघालं का?"

घसा_धरून_बसलेला
त्याच झाडापायी माझी वरची खिडकी महिनाभर बंद असते. लांबून एक झुळूक आली तर ठीक, खाली उभं राहिलं की डोकं उठतं. आमच्या ओळखीत दोघांना धाप लागते. सोसायट्यांनी, पालिकेने रस्तोरस्ती तीच झाडं कशाला लावलीत देव जाणे.

निशिगंधा
वाढतं भराभर, सावली देतं, गुरं तोंड लावत नाहीत. म्हणून लावली असतील. तुमचा त्रास खरा आहे, पण झाडाचा राग झुळकेवर नको.

सुमा_परळ
मग बुचाची फुलं घ्या. तीही याच दिवसांत. लांब दांड्याची, पांढरी, पहाटे खाली पडलेली. वास मंद. लहानपणी आम्ही त्यांच्या दांड्या एकमेकींत गुंफून बिनदोऱ्याच्या वेण्या करायचो. आता मॉर्निंग वॉकला गेले की चार उचलून आणते आणि वाटीभर पाण्यात ठेवते. वॉकची एवढीच कमाई.

स्पष्टवक्ता
सगळं वाचलं. टॉवेल, गॅलरी, गच्ची, झाडं. छान आहे. पण हे सगळं ज्यांच्या घरात ऊन येतं त्यांचं. आम्ही पुनर्वसनाच्या इमारतीत राहतो. समोरची बिल्डिंग इतकी जवळ आहे की त्यांच्या टीव्हीवर काय चाललंय ते आमच्या स्वयंपाकघरातून ऐकू येतं. दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते. आमचे टॉवेल बाराही महिने सारखेच. आणि 'खिडकी उघडा, वारा घ्या' म्हणाल, तर पाऊस थांबला की मागचं बांधकाम जोरात सुरू होतं. बोट फिरवलं की खिडकीच्या कट्ट्यावर नाव लिहिता येतं. नोव्हेंबरात वारा पडतो आणि हवा आणखी बिघडते, हे पेपरात दरवर्षी येतंच. शरदाचं चांदणं वगैरे ठीक आहे, दिसलं तर.

सुमा_परळ
खरं आहे तुमचं. मला गॅलरी आहे हे माझं नशीब, कर्तृत्व नाही. पण मग तुम्हाला कशाने बरं वाटतं तेही सांगा ना. हेमांगीने सगळ्यांनाच विचारलंय.

स्पष्टवक्ता
विचारलंत म्हणून. फोर्टात कामाला आहे, सुटतो पाचला. गर्दीची ट्रेन सोडायची म्हणून कधीकधी सीएसएमटीहून नरिमन पॉइंटकडे जाणारी ११५ पकडतो, एसी डबलडेकर. भाडं बारा रुपये. वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढे. जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, त्यांच्यात वरच्या पुढच्या खिडकीतून वारा यायचा. हिच्यात काच आहे. तरी झाडांच्या फांद्या काचेवर घासून जातात तेव्हा चाळिशीतला माणूससुद्धा जरा मागे सरकतो. शेवटच्या स्टॉपला उतरायचं, कठड्यावर बसायचं, सूर्य बुडाला की परत. घरी साडेसात.

बायकोला सांगितलेलं नाही. ती म्हणेल मलाही ने. नेईन म्हणतो.

कुर्ला_फास्ट
न्या हो! दोघांचे येऊन-जाऊन अठ्ठेचाळीस. अटीत बसतंय.

दर्यावर्दी
सण नको म्हणालात म्हणून सण संपल्यावरचं बोलतो. मासेमारी बंदी ३१ जुलैला उठते. पण आमच्या घरी श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. बोटी ऑगस्टपासून समुद्रात आणि आम्ही ऑक्टोबरपर्यंत वरणभातावर. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पिशवी घेऊन उंबऱ्यात.

सुरमई-पापलेट सोडा, ते शंभरात यायचं नाही. मांदेली घ्या. बोटभर लांब, सोनेरी. मावशीला प्रेमाने विचारलंत तर साफ करून देते. हळद, तिखट, मीठ, आगळाचे चार थेंब, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. तेलात टाकल्यावर लगेच उलटायच्या नाहीत, कडा सोनेरी दिसल्या की मगच. काट्यासकट कुडुमकुडुम. एकीकडे आमटी-भात, एकीकडे ही. मरगळ कुठल्या कुठे जाते.

शाकाहारी_पण_प्रेमळ
आमच्यासाठी सीताफळ. पिकलेलं घ्यायचं नाही, पिशवीत लगदा होतो. कडक, पण डोळे मोठे आणि दोन डोळ्यांमधली खाच पिवळसर-पांढरट झालेली बघून घ्यायची. घरी तांदळाच्या डब्यात पुरायची. दोन दिवसांनी डबा उघडला की आधी वास सांगतो. मग रात्री जेवणानंतर सगळ्यांनी एक ताटली मध्ये ठेवून बसायचं. सीताफळ खाताना कुणीही मोबाइल बघू शकत नाही, दोन्ही हात चिकट आणि तोंडात बिया. आमच्या घरात एवढ्या गप्पा एरवी होत नाहीत.

पक्याभाऊ
आमच्याकडे बिया कुणाच्या जास्त यावर भांडण होतं. तेही संवादातच मोडतं म्हणा.

पाखरू
दोन गोष्टी, दोन्ही फुकट.

करडा धोबी. सप्टेंबर-ऑक्टोबरात हिमालयाकडून उतरतो. नाल्याकाठी, बागेत, अगदी पार्किंगमध्ये गाडी धुतलेल्या पाण्यापाशीसुद्धा शेपटी वरखाली करत फिरताना दिसतो. पोटाखाली पिवळा. तो दिसला की आमच्यासारख्यांचं नवं वर्ष सुरू.

दुसरं, चतुर. पावसाच्या शेवटाला मैदानांवर पिवळट चतुरांचे थवे घिरट्या घालतात, पोरं ज्यांना हेलिकॉप्टर म्हणतात ते. यातली एक जात ऑक्टोबरच्या सुमारास मालदीवमध्ये लाखोंनी अवतरते. तिथे गोडं पाणी जवळपास नाहीच, म्हणजे अंडी घालायला ते आलेले नसतात. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं की हे भारतातून निघून वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात. तुमच्या डोक्यावरून संध्याकाळी जो जातोय तो कदाचित परदेशी निघालाय. व्हिसा नाही, बॅग नाही.

टोरांटोकर
आणि तिथे गेल्यावर पानंही गोळा करावी लागत नाहीत.

जुना_गिरगावकर
हेमांगीताई, दिवाळी बाजूला ठेवा म्हणालात, पण दिवाळी अंक ठेवता येणार नाहीत. कारण खरा दिवाळी अंक दिवाळीत वाचायचाच नसतो. तेव्हा घरात पाहुणे, फराळ, फटाके. अंक वाचायचा तुळशीचं लग्न झाल्यावर, चिवडा मऊ पडायला लागल्यावर.

१९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तो याच मुंबईत. तेव्हापासूनची ही चैन आहे. आता एकेका अंकाची किंमत शंभराच्या बरीच वर गेली, विकत घेऊन वाचणं मलाही झेपत नाही. पण वाचनालयांची दिवाळी अंक योजना असते. ठरावीक पैसे भरायचे आणि महिनोन्महिने अंक बदलून आणायचे. दर आठवड्याला हिशोब केलात तर तुमच्या अटीत आरामात बसतं. आमच्या वाचनालयात माझ्या आधीचा वाचक शब्दकोडं पेन्सिलीने सोडवून ठेवतो, आणि निम्मं चुकीचं. ते खोडून बरोबर भरणं हा माझा नोव्हेंबरातला मुख्य उद्योग आहे. तो कोण आहे हे मला आजवर कळलेलं नाही. हस्ताक्षर मात्र सुरेख.

कुर्ला_फास्ट
काका, तो माणूस तुमच्या नंतर तोच अंक परत नेत असेल, तुमचं खोडायला.

जुना_गिरगावकर
ही शक्यता माझ्या ध्यानात आली नव्हती. आता झोप लागणार नाही.

कुर्ला_फास्ट
सण नको म्हणून आतापर्यंत दम धरला, पण काकांना सूट मिळाली तर मलाही हवी. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आमची लोकल. ठरलेला डबा, ठरलेली मंडळी. कुणी दादरहून झेंडू आणतं, कुणी आंब्याची पानं. दारांना तोरणं, खिडक्यांच्या गजांना माळा, कोपऱ्यात देवीचा फोटो, आरती, पेढे. वर्षभर 'जरा सरको' एवढंच बोललेला माणूस त्या दिवशी आपल्या हातात पेढा ठेवतो. दुसऱ्या दिवशी सुट्टी, तिसऱ्या दिवसापासून पुन्हा 'जरा सरको'.

हेमांगी_मुलुंड
लेडीज डब्यात आमचे नऊ दिवसांचे नऊ रंग असतातच. पेपरातून सुरू झालेलं फॅड, पण आता पाळलं नाही तर चुकल्यासारखं होतं. करड्या रंगाच्या दिवशी मात्र डबा बघवत नाही.

नाइटशिफ्टवाली
मी परिचारिका आहे. हेमांगीताई, धाग्यात मजा चाललीय पण तुमचं मरगळीचं वाक्य डोक्यात राहिलं. अंधार लवकर पडला की मन उतरणं बऱ्याच जणांना होतं. पण दोन-दोन आठवडे कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडली, कामावर जायला नको वाटायला लागलं, तर मांदेली आणि टॉवेलवर थांबू नका, डॉक्टरांशी बोला. सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आम्ही वॉर्डात नातेवाइकांनाही हा नंबर देतो.

एरवीचं म्हणाल तर सकाळचा उजेड घ्या. मी ड्युटी संपवून सातला बाहेर पडते. नोव्हेंबर लागला की त्या वेळी हवेत पहिल्यांदा गारवा असतो, फार नाही, ओढणी खांद्यावर घ्यावी इतकाच. एक स्टॉप आधी उतरून चालत जाते. टपरीवर कटिंग. लोक कामाला निघालेले असतात आणि मी झोपायला. त्यात एक वेगळाच माज आहे.

वाऱ्याची_दिशा
अंधाराबद्दल एक दिलासा. लोकांना वाटतं २२ डिसेंबरपर्यंत संध्याकाळ लवकर-लवकरच होत जाणार. दिवस सगळ्यात लहान तेव्हाच असतो, पण मुंबईत सूर्यास्त सगळ्यात लवकर होतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास, सहाला एखादं मिनिट कमी असताना. डिसेंबरात सकाळ उशिरा होत जाते, संध्याकाळ मात्र तोवर लांबायला लागलेली असते. म्हणजे ऑफिसातून सुटणाऱ्या माणसाचे वाईट दिवस नोव्हेंबरातच संपतात.

घसा_धरून_बसलेला
हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. या धाग्यावरचं मला पटलेलं पहिलं सुख.

हेमांगी_मुलुंड
नाइटशिफ्टवाली, मनापासून आभार. झोप-भूक ठीक आहे, पण नंबर ठेवलाय. वाऱ्याची_दिशा, नोव्हेंबरचा शेवट कॅलेंडरवर गोल करून ठेवला, भिंतीवरच्या.

काल संध्याकाळी घाटकोपरला गाडी बदलायची होती. स्टेशनबाहेर एक बाई टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन बसल्या होत्या. कित्येक वर्षांत खाल्ले नव्हते. तीस रुपयांचे घेतले, कागदात. गाडीत दारापाशी उभी राहून दाताने साल सोलत होते, तर शेजारची म्हणाली, "कुठे मिळाले?" तिला दोन दिले. मग समोरचीने हात पुढे केला, न विचारता. विक्रोळी येईपर्यंत कागद रिकामा आणि मला भांडुपपर्यंत तिघींच्या सासवांची माहिती. अंधार कधी पडला ते बघायचं राहूनच गेलं.

सालीने नखं मात्र काळी झालीत, जात नाहीयेत.

सुमा_परळ
लिंबाची फोड चोळ. घाटकोपर पूर्व की पश्चिम?

हेमांगी_मुलुंड
पश्चिम. मेट्रोचा जिना उतरलं की उजवीकडे. सातनंतर संपतात म्हणाल्या.

दर्यावर्दी
काटे बघून घ्या हो. शिंगाड्याची दोन टोकं टोचतात, मांदेलीचे टोचत नाहीत. असो, मी प्रचार करत नाहीये.

पक्याभाऊ
तीस रुपयांत तीन सासवा. अट पाळली गेली आहे, धागा चालू ठेवायला हरकत नाही.